जुलै महिन्यात पुड्या साठ, गोळी एकही नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि माझा मुलगा बघतो. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं खातं आमच्या कॉम्प्युटरवर असतं. कुठलं औषध, किती, कोणत्या तारखेला. हे खातं मी उधारीसाठी आणि माल मागवायला बघायचो. २०२३ च्या दिवाळीत मात्र ते पहिल्यांदा रुग्णाचा इतिहास म्हणून वाचलं आणि जे पाच महिने माझ्याच काउंटरवर घडत होतं ते तेव्हा दिसलं. ज्या ताईंचं हे प्रकरण आहे त्यांना विचारून, त्यांची ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहितोय.

ताई अडतीस वर्षांच्या, शाळेत शिकवतात. सासर दांडिया बाजारातलंच, चार पिढ्या बडोद्यात. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांना मुरडा सुरू झाला. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागायचं, आव पडायची, मग रक्त दिसू लागलं. आपल्याकडे अशा तक्रारीवर पहिल्यांदा आवेची गोळी दिली जाते. त्यांनी मेट्रोनिडॅझोलचे तीन कोर्स केले. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. तिन्ही कोर्स माझ्याच दुकानातून गेले होते. डिसेंबरात पोटाच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी केली, तुकडा तपासला, आतड्याचा क्षय नाही याची खात्री केली आणि निदान झालं: अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूपुरता.

या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर उठते. सूज गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकते. जंतुसंसर्गासारखा कोर्स करून तो संपत नाही. तो शांत होतो आणि शांत ठेवावा लागतो. ताईंना आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामिनच्या १.२ ग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी आणि काही आठवडे रात्री त्याच औषधाचा एनिमा दिला गेला. २०२२ च्या होळीपर्यंत सगळं थांबलं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्या दर महिन्याला साठ गोळ्या घेऊन जायच्या, आणि आमचं बोलणं व्हायचं ते मुलांच्या परीक्षांचं.

एकाच आठवड्यात दोन गोष्टी

जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा थोडं रक्त दिसलं. विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याच्या सुजेचा अंदाज देणारं प्रथिन, ३१० आलं. ५० च्या आत असेल तर ते साधारण ठीक मानतात, २५० च्या वर सूज चालू असल्याची शक्यता बरीच. डॉक्टरांनी गोळ्या दोनाच्या चार केल्या, एनिमा पुन्हा दिला आणि सोबत बारा आठवड्यांसाठी प्रोबायोटिकची पुडी लिहिली: आठ प्रकारचे जंतू, एका पुडीत ४५० अब्ज, दिवसाला दोन.

पुडी कशी असते ते सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिच्याभोवती फिरतं. हाताच्या पंज्यात मावेल एवढी, आत फिकट पिवळसर पांढरी पूड. फाडली की किंचित आंबूस वास येतो, ताकाच्या भांड्याला येतो तसा. थंड पाण्यात ढवळून प्यायची. गरम चहा-दुधात टाकली तर जंतू मरतात. मागे बारीक अक्षरात साठवणीचं तापमान छापलेलं असतं: २ ते ८ अंश सेल्सिअस.

पाच आठवड्यांत ताई सुधारल्या. रक्त थांबलं, रात्री उठणं थांबलं, एप्रिलमध्ये कॅलप्रोटेक्टिन ७० च्या आसपास आलं. घरात याचं श्रेय कोणाला मिळालं असेल? पुडीला. गोळ्या तर दीड वर्ष चालूच होत्या, नवीन काय आलं तर पुडी! त्याच आठवड्यात गोळ्या दुप्पट झाल्या होत्या आणि एनिमाही सुरू झाला होता, हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मलाही नाही. त्यांच्या सासूबाई दुकानात येऊन म्हणाल्या होत्या, "अरे, हे तर आपल्या दह्यातलेच जंतू. गोळ्या म्हणजे नुसतं केमिकल." मी हसून मान डोलावली होती. तेव्हा बोलायला हवं होतं.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या परत दोनवर आणा आणि पुड्यांचा कोर्स पूर्ण झाला, आता बंद केल्या तरी चालतील. ताईंनी उलटं केलं. पुड्या चालू ठेवल्या आणि गोळ्या कमी करत नेल्या. दोन्हींचं मिळून बिल एका पगारात बसत नव्हतं, हे कारण होतंच. पण दोनपैकी एक निवडायचं झालं तेव्हा जे आपलं वाटलं ते ठेवलं आणि जे परकं वाटलं ते सोडलं. त्या परक्या गोळीनेच आजार दाबून धरला होता.

खात्यातल्या ओळी

मे २०२३: गोळ्या ६०, पुड्या ६०.
जून: गोळ्या ३०, पुड्या ६०.
जुलै: गोळी एकही नाही, पुड्या ६०.
ऑगस्ट: गोळ्या ३०, पुड्या १०, दुसऱ्या एका प्रोबायोटिकच्या ३० कॅप्सूल.
सप्टेंबर: गोळी एकही नाही, पुड्या ६०.

मे ते सप्टेंबर १५३ दिवस. रोज दोन म्हणजे ३०६ गोळ्या हव्या होत्या. गेल्या १२०. शेकडा ३९.

या आकड्याचं वजन मला नंतर कळलं. शिकागोत २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. कोलायटिस शांत असलेले आणि मेसालामिन चालू असलेले ९९ रुग्ण दोन वर्षं बघितले गेले. कोण औषध नीट घेतंय हे ठरवायला त्यांनी औषध किती उचललं तेच मोजलं, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर असतं तसलं खातं. लिहून दिलेल्या औषधाच्या ८० टक्क्यांहून कमी औषध उचलणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून अधिक निघाला. ताईंचे ३९ टक्के मला दर महिन्याला बिल फाडताना दिसू शकले असते. बघायचं ठरवलं असतं तर.

ऑगस्टची ओळ माझी आहे. स्टॉकिस्टकडे त्या पुड्या संपल्या होत्या. दहाच होत्या त्या दिल्या आणि उरलेल्या दिवसांसाठी बॅसिलसच्या बीजाणूंची एक कॅप्सूल दिली. ती फ्रिजबाहेर टिकते, जुलाबात सर्रास जाते, दोन अब्जांची असते. ताईंनी विचारलं, "दादा, हे तेच ना?" मी म्हणालो, "हो, प्रोबायोटिकच आहे." हे उत्तर चुकीचं होतं. पॅरासिटामॉलच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या एकमेकींच्या जागी चालतात, कारण आतलं रसायन एकच असतं. इथे आतला जीवच वेगळा होता आणि मात्राही. दिवसाला ९०० अब्जांच्या जागी मी दोन अब्ज दिले.

जूनची एक गोष्ट खात्यात नाही. आमचा डिलिव्हरीचा मुलगा पुड्या घेऊन दुपारी दोनला गेला, घर बंद होतं, त्याने पिशवी जाळीच्या दाराला अडकवली आणि फोन केला. ताई शाळेतून साडेपाचला आल्या. जूनच्या सुरुवातीचं बडोद्याचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना त्या साडेतीन तासांत काय झालं असेल हे सांगायला नको. त्या पुड्यांत जिवंत किती उरले असतील, कोण जाणे. त्याच पुड्या ताई पुढचा महिनाभर श्रद्धेने घेत राहिल्या.

दिवाळी

नवरात्र ठीक गेलं. दसऱ्यानंतर पोटात कळा सुरू झाल्या. ताईंनी पुड्या दोनाच्या तीन केल्या, स्वतःच्या मनाने. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला आठ वेळा, प्रत्येक वेळी रक्त, रात्रीत दोनदा उठणं. नाडी १०४, हिमोग्लोबिन ९.४. ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये घालून दिलेली कसोटी आजही वापरतात: दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्तासह शौच, आणि सोबत नाडी ९० च्या वर, ताप किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली यांपैकी काही असेल तर तो तीव्र हल्ला, रुग्णालयात दाखल करा. ताई धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दाखल झाल्या.

पाडव्याला दुकान पूजेपुरतं उघडलं होतं. त्यांचे मिस्टर आले, फराळाचा डबा न घेता, रिकाम्या हाताने. म्हणाले, "डॉक्टरांनी गेल्या सहा महिन्यांत काय काय घेतलं त्याची यादी मागितली आहे. तुमच्याकडे मिळेल ना?" मी प्रिंट काढली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "पुड्या तर एकदाही चुकल्या नाहीत." मग बोट गोळ्यांच्या रकान्यावर थांबलं. काही बोलले नाहीत. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेले.

रुग्णालयात शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड सुरू झालं. विष्ठेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू नाही हे तपासलं, कारण ते असेल तर उपचाराची दिशाच बदलते. दुर्बिणीतून अस्तर सुजलेलं, हात लावताच रक्त येणारं दिसलं. पुड्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवल्या. सासूबाईंना याचा फार धक्का बसला: जे चांगलं आहे ते ऐन वेळी का काढून घेतलं? आतड्याचं अस्तर इतकं सोललेलं असताना आणि शिरेत नळी असताना जिवंत जंतू देणं धोक्याचं असू शकतं. कमकुवत रुग्णांमध्ये लॅक्टोबॅसिलस रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत. आजार वेगळा, पण डच डॉक्टरांचा २००८ मधला अभ्यास इथे आठवतो: स्वादुपिंडाच्या गंभीर सुजेच्या २९८ रुग्णांवर तो केला होता. प्रोबायोटिक दिलेल्यांपैकी १६ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी ६ टक्के. "जंतू तर आपलेच, नुकसान काय करणार" हे वाक्य काउंटरवर रोज ऐकू येतं. माझं उत्तर आता हा अभ्यास आहे.

तिसऱ्या दिवशी शौचाची संख्या चारवर आली. सहाव्या दिवशी घरी सोडलं. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्याच गोळ्या, ४० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला पाचने कमी करत, मेसालामिन पूर्ण मात्रेत, रात्री एनिमा. स्टेरॉइडने चेहरा सुजला, झोप उडाली. शाळेतल्या मुलांनी "टीचर, तुम्ही जाड झालात" म्हटलं तेव्हा वाईट वाटल्याचं त्यांनी मला सांगितलं. ते मी इथे मुद्दाम लिहितो, कारण गोळी चुकवण्याची किंमत हिशेबात धरताना आपण हे धरत नाही.

मग पुडीत काही अर्थच नव्हता का?

हा प्रश्न मिस्टरांनी विचारला, थोडा रागाने. मी तो मनावर घेतला आणि जे वाचायला मिळालं ते वाचलं. उत्तर "होता" असं आहे, पण कुठे आणि किती हे नीट बघावं लागतं.

अशा आजारात आतड्यातल्या जंतूंची विविधता घटते. ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करून अस्तराच्या पेशींना पोसणारे, फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झीसारखे जंतू कमी झालेले दिसतात. बाहेरून दिलेले जंतू घातक जंतूंना जागा मिळू देत नाहीत, पेशींमधले सांधे घट्ट करतात, प्रतिकारशक्तीला शांत करतात, अशी त्यामागची कल्पना. पण ते आतड्यात घर करत नाहीत. पाहुण्यासारखे येतात, घेणं थांबवलं की काही दिवसांत निघून जातात.

आठ जंतूंच्या त्याच मिश्रणावर भारतातच चांगला अभ्यास झाला आहे. लुधियानाचे डॉ. अजित सूद आणि देशभरातल्या इतर केंद्रांतल्या डॉक्टरांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. सौम्य ते मध्यम कोलायटिसचे १४७ रुग्ण, बारा आठवडे. आजार शांत झाला तो पुडी घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्क्यांचा आणि बनावट पूड घेणाऱ्यांपैकी १५.७ टक्क्यांचा. हा फरक खरा आहे. पण मात्रा बघा: ३,६०० अब्ज, दिवसातून दोनदा. ४५० अब्जांच्या पुडीने हिशेब केला तर एका वेळेला आठ पुड्या. आणि काउंटरवर मिळणाऱ्या पाच अब्जांच्या कॅप्सूलने केला तर एका वेळेला ७२०. इटलीतल्या १४४ रुग्णांच्या अभ्यासात हेच मिश्रण आठ आठवडे चालू औषधांच्या जोडीला दिलं. लक्षणं अधिक जणांची घटली, पण आजार पूर्ण शांत होण्यातला फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. ताईंना लिहून दिलं होतं ते याच वाटेने: जोडीला, ठरावीक काळ.

सासूबाईंच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. एका जंतूने मेसालामिनची बरोबरी करून दाखवली आहे. पहिल्या महायुद्धात जुलाबाच्या साथीतही न आजारी पडलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांनी १९१७ मध्ये ई. कोलायचा एक निरुपद्रवी वाण वेगळा केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शांत कोलायटिसच्या ३२७ रुग्णांना वर्षभर एकतर तो वाण दिला नाहीतर मेसालामिन. आजार उलटला तो अनुक्रमे ३६.४ आणि ३३.९ टक्क्यांचा. म्हणजे गोळीच्या जागी जंतू, हे अशक्य नाही. पण तो जंतू तो होता. ताईंच्या पुडीतल्या आठांत ई. कोलाय नव्हताच. दह्यात तर नाहीच. एका वाणाने मिळवलेलं नाव दुसऱ्याला लावता येत नाही, आणि प्रोबायोटिक हा एकच शब्द सगळ्यांवर छापलेला असल्यामुळे ते रोज लावलं जातं.

नाव तेच ठेवूनही आतलं बदलू शकतं. या आठ जंतूंच्या मिश्रणाचा मूळ फॉर्म्युला अमेरिकेत २०१६ पासून दुसऱ्या नावाने विकला जाऊ लागला आणि जुन्या नावाखाली वेगळं मिश्रण आलं. वाद मेरीलँडच्या न्यायालयात गेला. त्यामुळे जुन्या अभ्यासाचा दाखला आजच्या डब्याला लावताना डबा वाचावा लागतो. आपल्याकडे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना हेच मागतात: जाती-प्रजातीपुढे वाणाची खूण, मुदत संपताना किती जिवंत उरतील तो आकडा, साठवण कशी.

आतड्याच्या सुजेचाच दुसरा प्रकार असलेल्या क्रोन्सच्या आजारात मात्र हात जवळपास रिकामेच आहेत. सॅकरोमायसिस बुलार्डी या यीस्टचा फ्रान्समध्ये मोठा अभ्यास झाला, फायदा दिसला नाही. उलट मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी बनवलेल्या रुग्णांना त्या पिशवीची सूज येते, तिथे याच आठ जंतूंनी कमाल केली: इटलीत २००० मध्ये चाळीस जणांचा छोटा अभ्यास होता. नऊ महिन्यांत सूज परतली ती पुडी घेणाऱ्या वीसपैकी तिघांची, न घेणाऱ्या वीसच्या वीस जणांची. अमेरिकेच्या पोटविकार संघटनेने २०२० मध्ये हे सगळं तोलून सांगितलं की पिशवीच्या सुजेत हे मिश्रण वापरायला हरकत नाही, पण कोलायटिस आणि क्रोन्समध्ये अभ्यासाबाहेर नको. आमच्या डॉक्टरांनी तरीही जोडीला लिहिलं, सौम्य हल्ल्यात, बारा आठवडे, मेसालामिन न सोडता. मला ते वावगं वाटत नाही. वावगं झालं ते तेराव्या आठवड्यापासून.

ताईंचा आजार गोळ्या चुकल्यामुळेच उलटला, हे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. काही जणांचा नियमित औषध घेऊनही उलटतो. पण ३९ टक्के समोर असताना मी दुसरं कारण शोधत बसलो नाही.

दुकानात काय बदललं

थर्माकोलचे डबे आणि बर्फाच्या पॅक्स आणल्या. पुड्या हातात दिल्याशिवाय डिलिव्हरीचा मुलगा परत फिरत नाही. प्रोबायोटिक संपलं असेल तर "नाही" म्हणतो आणि डॉक्टरांना फोन करतो. "भाई, पेलुं जंतुवाळुं पडीकुं आपो ने," म्हणजे ती जंतूंची पुडी द्या ना, असं कोणी म्हणालं की आधी विचारतो, कशासाठी, आणि सोबत दुसरं काय चालू आहे. जुलाबासाठी असेल तर दोन मिनिटांत मोकळं करतो. शौचाला रक्त पडतंय असं ऐकलं तर काही न विकता डॉक्टरांकडे पाठवतो.

मुलाने कॉम्प्युटरमध्ये सोय केली आहे. मेसालामिन, मिरगीच्या गोळ्या, थायरॉइड, बीपी, अशा रोजच्या औषधांची तारीख उलटून पाच दिवस झाले की नाव लाल होतं. मग मी फोन लावतो. पहिल्या महिन्यात दोघांनी सुनावलं की बिल वाढवायला फोन करता. तरी करतो.

ताई जानेवारी २०२४ मध्ये स्टेरॉइडमधून बाहेर पडल्या. मार्चमध्ये कॅलप्रोटेक्टिन ८५. पुड्या डॉक्टरांनी पुन्हा लिहिल्या नाहीत. सासूबाई अजून दुकानात येतात. एकदा हळूच विचारलं, "ताक तरी चालेल ना तिला?" मी म्हणालो, "आजी, सोसत असेल तर रोज द्या. घरचं ताक आहे, जेवण म्हणून द्या. गोळीच्या बदल्यात नको." त्यांनी मान हलवली आणि कडीपत्ता टाकून की नुसतं, असं विचारलं.

मे २०२४ ला गोळ्या ६०. जूनला ६०. जुलैच्या नऊ तारखेला नाव लाल झालं. मागच्या वर्षीचा जुलै आठवला आणि मी तिथल्या तिथे फोन लावला. ताई नाशिकला माहेरी होत्या. म्हणाल्या, "दादा, इथल्याच दुकानातून घेतल्यात." दहा मिनिटांनी फोटो आला. डायनिंग टेबलावर सहा स्ट्रिप्स ओळीत मांडलेल्या, आणि पहिल्या स्ट्रिपमधल्या दोन जागा रिकाम्या.